खापर फुटलं आणि सगळ्यांना हलकं वाटलं

जुना_सचिव | शनिवार, रात्री ११.४०

मंडळाचं नाव लिहीत नाही. गाव इंदूर, एवढं पुरे. आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळाचं सचिवपद मी अकरा वर्षं सांभाळतोय. परवा जे हाती लागलं त्यानंतर धड झोप नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीत ३८,४०० रुपयांचा मेळ बसत नव्हता. डिसेंबरात कार्यकारिणीची सभा झाली. आम्ही सात जण आणि कोषाध्यक्ष काका. काका निवृत्तीनंतर खंडव्याहून इथे राहायला आले. बोलणं कमी, सभेनंतरच्या चहाला थांबत नसत. सभा सुरू झाली तेव्हा प्रश्न होता, 'पैसे कुठे गेले?' दहा मिनिटांत त्याचा झाला, 'हिशेब कोणाकडे होता?' या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण तेव्हा ते एकालाही जाणवलं नाही. कुणी म्हणालं, हे नवे आहेत, यांना आपली पद्धत माहीत नाही. कुणाला आठवलं की मागे प्रसादाच्या खर्चावरूनही यांनी वाद घातला होता. वाद कसला, त्यांनी बिल मागितलं होतं.

काकांनी कापडी पिशवीतून वही आणली होती. जाड, लाल पुठ्ठ्याची, वर रबरबँड. ती कुणी उघडली नाही. आम्ही बोलत होतो तोवर काका तो रबरबँड बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते. चाळीस मिनिटांनी हात वर झाले. सातही. माझाही. काकांनी वही टेबलावर ठेवली, तिच्यावर कपाटाची किल्ली ठेवली, मफलर गुंडाळला आणि जिना उतरून गेले.

मग आम्ही दोन गाड्यांतून सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत गेलो. थंडी मजबूत होती, गरम गरम गराडू (तळलेला कंद), वर जीरावण मसाला आणि लिंबू. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे आमचे दोन्ही उपाध्यक्ष एकाच द्रोणात हात घालत होते. घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आज मंडळ पुन्हा एक झालं."

परवा यंदाच्या परवानगीचे कागद शोधताना कपाटात बॅनरच्या गुंडाळीमागे दोन पावतीपुस्तकं सापडली. स्थळप्रतींवर २२,००० ची नोंद, सही दुसऱ्याची. उरलेले १६,४०० एका सभासदाच्या मोबाइलवर आले होते, कारण मंडपात त्याचाच क्यूआर कोड लावला होता. दोन्ही रकमा मंडपवाल्याला आणि नाटकमंडळींच्या राहण्याला परस्पर दिल्या गेल्या. पैसे कुणी खाल्ले नव्हते.

चूक कुणाकडूनही होते. मला छळतोय तो त्या रात्रीचा आनंद. तो खोटा नव्हता. माणूस बाहेर काढून आम्हाला इतकं बरं का वाटलं?

रामबाग_वाचक | शनिवार, रात्री ११.५८

चोर सोडून संन्याशाला फाशी. काकांकडे गेलात का?

जुना_सचिव | रविवार, सकाळी ७.१०

अजून नाही. धीर होत नाही.

समुपदेशन_ताई | रविवार, सकाळी ९.३०

दादा, वीस वर्षं इंदुरात समुपदेशन करते आहे. असा आनंद वर्णन करून सांगणारे फार थोडे भेटले, बहुतेक जण तेवढं गाळून सांगतात.

राग मूळ कारणापर्यंत पोचू शकला नाही की वाट बदलून दुसऱ्यावर निघतो. आपल्याकडे याला वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात. १९३९ मध्ये येल विद्यापीठातल्या जॉन डोलार्ड आणि सहकाऱ्यांनी यावरच सिद्धान्त मांडला. पुढच्याच वर्षी हॉवलंड आणि सीअर्स यांनी अमेरिकेच्या दक्षिण भागातले १८८२ ते १९३० चे आकडे लावून दाखवलं की कापसाचा भाव पडला की जमावाकडून होणाऱ्या काळ्या लोकांच्या हत्या वाढत. हा दाखला फार गाजला, पण नंतर तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा संबंध बराच कच्चा निघाला. मलाही कामात हेच दिसतं. नुसती अडचण पुरत नाही. कुणीतरी बोट दाखवावं लागतं, आणि ते बोट स्वस्तात दाखवता यावं लागतं.

स्वस्तात म्हणजे कसं? ज्याच्या बाजूनं भांडायला कुणी उठणार नाही, असा माणूस. तो पुरता परका चालत नाही, कारण परक्याचा आपल्या गोंधळाशी संबंध जोडता येत नाही. पुरता आपलाही चालत नाही. खंडव्याहून आलेले, चहाला न थांबणारे, पण वही ज्यांच्या हातात आहे असे काका त्या जागेवर नेमके बसले.

एक विचारते, राग मानू नका. सातांपैकी किती जणांनी आपापली पावतीपुस्तकं वेळेवर परत केली होती?

जुना_सचिव | रविवार, सकाळी १०.०५

तिघांनी. मी माझं दिवाळीनंतर दिलं.

समुपदेशन_ताई | रविवार, सकाळी १०.१२

मग त्या रात्रीचं हलकेपण कशाचं होतं ते तुम्हीच सांगितलंत. प्रत्येकाच्या खिशात थोडी थोडी चूक होती. ती सगळी काकांच्या पिशवीत गेली आणि पिशवी जिना उतरून गेली.

ग्रंथपाल_जेलरोड | रविवार, दुपारी १२.४५

ताईंनी जे लिहिलं त्याचा मूळ विधी असाच आहे. यहुद्यांच्या धर्मग्रंथात, लेवीय नावाच्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात, प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बोकड आणतात. चिठ्ठ्या टाकतात. एक देवाला बळी जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवून सगळ्या लोकांची पापं उच्चारतो, आणि त्याला जिवंतच रानात सोडून देतात. इंग्रजीतला 'स्केपगोट' हा शब्द त्या सुटलेल्या बोकडावरून आला, १५३० मध्ये विल्यम टिंडेलच्या भाषांतरातून. आपण 'बळीचा बकरा' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे सुरी येते, पण मूळ बोकड मारला जात नाही, हाकलला जातो. मंडळात, ऑफिसात, घरात हेच घडतं.

आणि एक गोष्ट मला त्या विधीत मोठी वाटते. याजक पापं मोठ्यानं, आपली म्हणून उच्चारतो. बोकडानं ती केली असं कुणी म्हणत नाही. जुन्या अथेन्समध्येही थार्गेलिया नावाच्या सणाला दोन माणसांना शहराबाहेर हाकलत, तेही उघड विधी म्हणूनच. आपण तो उघडपणा सोडला. फ्रेंच विचारवंत रने जिरार (१९२३–२०१५) यांनी आयुष्य या विषयात घालवलं. त्यांचा मुख्य मुद्दा असा की बळी घेणाऱ्या जमावाला आपण बळी घेतोय हे ठाऊकच नसतं. त्याला तो माणूस मनापासून दोषी वाटतो. आणि सगळ्यांचं एकाच माणसाबद्दल एकमत झालं की आपसांतली भांडणं काही काळ मिटतात. तुमचे दोन उपाध्यक्ष एका द्रोणात जेवले ते त्यामुळे.

निवृत्त_लेखापाल | रविवार, दुपारी ३.२०

भावना समजतात, पण हिशेबाच्या माणसाला बोलू द्या. कोषाध्यक्षाची जबाबदारी होतीच. कुठलं पावतीपुस्तक कोणाला दिलं, परत कधी आलं, याची नोंद त्यानं ठेवायची असते. उद्या खरी अफरातफर करणाराही म्हणेल की मला बळीचा बकरा केलं. जाब विचारणं आणि बळी घेणं यांची गल्लत केली तर कुठलीच संस्था चालणार नाही. चाळीस वर्षं हेच काम केलं म्हणून तळमळीनं सांगतोय.

जुना_सचिव | रविवार, सायंकाळी ५.४०

लेखापाल काका, तुमचं वाचून उठलो आणि ती लाल वही उघडली. डिसेंबरापासून कपाटातच होती.

शेवटून चौथ्या पानावर तक्ता आहे. पावतीपुस्तक क्रमांक, कोणाला दिलं, तारीख, परतीची तारीख. सात आणि नऊ क्रमांकांसमोर परतीची जागा रिकामी. शेजारी बारीक अक्षरात: 'आठवण दिली', तीन वेळा, तीन तारखांसह. खाली लिहिलंय, 'क्यूआर कोडची रक्कम कोषात आलेली नाही, सभेत विचारणे.'

सभेत विचारणे. ते विचारायलाच काका वही घेऊन आले होते.

निवृत्त_लेखापाल | रविवार, सायंकाळी ६.०२

शब्द मागे घेतो. या माणसानं काम चोख केलं होतं.

पण मुद्दा सोडत नाही, कारण फरक इथेच सापडतो. तपासणीत आधी कागद उघडतात आणि माणसाचं नाव शेवटी येतं. तुमच्याकडे नाव आधी आलं आणि कागद सहा महिन्यांनी. माझ्या कामात एक खूण मी पक्की धरली होती. ज्याच्यावर ठपका आहे तो त्या बैठकीत किती मिनिटं बोलला? काका किती बोलले?

जुना_सचिव | रविवार, सायंकाळी ६.१५

"वही बघून घ्या" एवढंच. दोनदा.

पोहे_जलेबी | रविवार, रात्री ९.५०

मी कधी लिहीत नाही, आज लिहिते.

माझं लग्न झालं त्याच वर्षी सासऱ्यांची मिल बंद पडली. त्या काळात इंदूरच्या कापडगिरण्या एकामागून एक बसल्या. जुने माग, डोक्यावर कर्ज, यंत्रमागाच्या स्वस्त कापडाची स्पर्धा. हे सगळं मला खूप नंतर कळलं. घरात तेव्हा एकच कारण होतं, मी. पांढऱ्या पायाची. सासूबाई वाईट नव्हत्या. मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. पण सकाळी मिलच्या भोंग्याची वेळ झाली, भोंगा वाजला नाही, आणि सासरे ओट्यावर नुसते बसून राहिले, की त्यांची नजर माझ्या पायांकडे जायची. मी साडी लांब नेसायला लागले. अंगठे दिसू नयेत म्हणून.

सासरे मालकाला काही म्हणू शकत नव्हते. सरकारला काय म्हणणार? मी मात्र समोर होते, पोळ्या लाटत. वाईट याचं वाटतं की पाच-सहा वर्षांनी मलाही ते खरं वाटायला लागलं. दिराची नोकरी गेली तेव्हा कुणी काही म्हणायच्या आधी मीच देवासमोर माफी मागितली.

मुलगी झाली तेव्हा तिचे पाय हातात घेऊन मी किती वेळ बघत बसले होते ते सांगता येत नाही.

समुपदेशन_ताई | रविवार, रात्री १०.२०

वहिनी, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं केलंत. तुमचा दोष कणभरही नव्हता.

सासूबाई वाईट नव्हत्या आणि तरीही त्यांनी हे केलं, यावर थोडं सांगते. मेल्विन लर्नर नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. १९६६ च्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थिनींना एका मुलीला विजेचे झटके बसताना दाखवलं. झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. जिथे ते थांबवून तिला बक्षीस देण्याची सोय होती, तिथे त्यांचं तिच्याबद्दलचं मत बरं राहिलं. जिथे काहीच करता येत नव्हतं आणि छळ चालूच राहणार होता, तिथे त्या तिलाच कमी लेखू लागल्या. जगात न्याय आहे हा आपला आधार असतो. तो सुटायला नको म्हणून मन म्हणतं, हिनंच काही केलं असेल. सासूबाईंच्या हातात मिल सुरू करणं नव्हतं.

मल्हारी_माळवा | सोमवार, सकाळी ८.१५

सगळा गाव हे करतो, तसा सगळा देशही करतो. १४ जानेवारी १७६१. पानिपत. त्यानंतर मराठी मुलखात जवळजवळ प्रत्येक घरचा कोणी ना कोणी गेलेला. इतकं दुःख कारणांच्या यादीवर मावत नाही, त्याला चेहरा लागतो. कुणी भाऊसाहेबांचा गर्व धरला, कुणी आमच्या मल्हाररावांचं रणातून निघून जाणं. अब्दालीच्या बाजूचा रोहिला सरदार नजीब त्यांचा धर्मपुत्र, म्हणून त्यांनी त्याला मागे मुद्दाम सोडला, हे बखरीपासून आजच्या गप्पांपर्यंत चालू आहे. मल्हाररावांच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. पण छावणी दोन महिन्यांवर कोंडलेली, रसद तुटलेली, बाजारबुणगे आणि यात्रेकरूंचा लोंढा बरोबर, माणसं-जनावरं उपाशी. उपाशी फौज त्या दिवशी बाहेर पडली. ही कारणं शाळेच्या पुस्तकात एका ओळीत संपतात आणि 'होळकर पळाले' हे वाक्य अडीचशे वर्षं टिकतं. इंदुरात वाढलेल्या प्रत्येक मराठी मुलानं पुण्याच्या पाहुण्याकडून ते एकदा तरी ऐकलेलं असतं.

ग्रंथपाल_जेलरोड | सोमवार, सकाळी ११.३०

चेहऱ्याचं म्हणाल तर, १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेग पसरला तेव्हा यहुद्यांनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. पोप सहावा क्लेमेंट यानं १३४८ मध्येच बजावलं की यहुदीही त्याच रोगानं मरताहेत. ऐकलं कुणी नाही. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबूर्गमध्ये शेकडो यहुद्यांना जाळलं. प्लेग तोवर त्या शहरात पोचलाही नव्हता. प्लेगचा जंतू येर्सिनला सापडला १८९४ मध्ये, आणि उंदरांवरच्या पिसवा तो पसरवतात हे सिमोंनं कराचीत दाखवलं १८९८ मध्ये. म्हणजे खरं कारण साडेपाचशे वर्षं कुणाच्या हाती नव्हतं, आणि खोटं कारण काही महिन्यांत तयार होतं.

आणि हीच विहिरीची गोष्ट १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो-योकोहामात पुन्हा. या वेळी कोरियन मजुरांवर. हजारो मारले गेले. भूकंपाचा राग कोणावर काढणार? विष टाकणारा मात्र शेजारच्या गल्लीत शोधता येतो.

लष्कर_ग्वाल्हेर | सोमवार, दुपारी १.१०

फार लांब जायला नको. करोनाच्या वेळी आमच्या इमारतीत पहिला रुग्ण निघाला आणि त्याच संध्याकाळी धुणीभांडी करणाऱ्या तिन्ही बायकांना बंदी घातली. रुग्णाचा मुलगा चार दिवसांपूर्वी विमानानं आला होता हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्यासाठी डबा कोणी द्यायचा याची यादी लागली. बायकांचा पगार मात्र कापला. मी तेव्हा गप्प होते.

भिया_छप्पनवाले | सोमवार, दुपारी २.२५

सगळं ठीक आहे भिया, पण ती दोन पुस्तकं कोणाची? तो माणूस सभेत बसून काकांना जाताना बघत होता ना? नाव लिहा. अशाला मंडळात ठेवायचं नाही.

तरुण_कार्यकर्ता | सोमवार, दुपारी २.३१

एकदम बरोबर. नाव कळलंच पाहिजे. त्यानं सर्वांसमोर नाक घासावं.

राजेंद्रनगर_०७ | सोमवार, दुपारी २.४४

मला अंदाज आहे कोण ते. (पुढचा मजकूर संपादकांनी काढला आहे.)

समुपदेशन_ताई | सोमवार, दुपारी ३.१५

थांबा. दोन दिवस आपण सगळे किती समजून लिहीत होतो, आणि वीस मिनिटांत तीन जणांना एका माणसाचं नाव हवंय. गराडूच्या वासासारखं आहे हे, लगेच भूक लागते. मलाही ते वाचताना क्षणभर बरं वाटलं, म्हणून म्हणते.

जुना_सचिव | सोमवार, रात्री ८.००

नाव देणार नाही. गेल्या गणेशोत्सवात त्या माणसाचे वडील इस्पितळात होते. तो दिवसा मंडपात आणि रात्री वॉर्डात असायचा. त्याच्या मुलानं पुस्तकं आणून कपाटात टाकली आणि सांगायचं विसरला. काकांनी तीनदा आठवण दिली ती निरोपानं, आणि निरोप त्याच्यापर्यंत नीट पोचला नसावा. सभेत तो एक शब्द बोलला नाही. काल त्याला पुस्तकं दाखवली तेव्हा तो खुर्चीवरून उठूच शकला नाही. आता याला हाकललं तर पुन्हा सराफ्यात जायला आम्ही मोकळे.

निवृत्त_लेखापाल | सोमवार, रात्री ८.४०

विमान अपघातांच्या तपासणीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शिकागो कराराच्या तेराव्या परिशिष्टातला. तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणं हा. दोष किंवा दायित्व वाटणं हा नाही. वैमानिक चुकला असं म्हणून ते थांबत नाहीत, चूक घडायला जागा कुठे होती ते शोधतात. तुमच्या मंडळात ती जागा लख्ख दिसते. खाजगी मोबाइलचा क्यूआर कोड. पुस्तकं परत घेण्याची ठरलेली तारीख नाही. मंडपवाल्याला परस्पर रोख. हे तीन बदललेत तर यंदा कुणाचा बळी द्यायची वेळच येणार नाही.

ग्रंथपाल_जेलरोड | सोमवार, रात्री ९.१०

सचिवांना एकच सांगायचंय, त्या सात हातांबद्दल. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगात रेघांची लांबी ओळखायची होती. बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर देत, आणि खरा सहभागी सरासरी तीनांत एकदा त्यांच्या मागे जाई. पण गटात एकानं जरी बरोबर उत्तर दिलं तर हे मागे जाणं आधीच्या चौथाईवर येई. सातांपैकी एक हात खाली राहिला असता तर कदाचित वही उघडली गेली असती.

जुना_सचिव | बुधवार, रात्री १०.३०

आज काकांकडे जाऊन आलो.

काकूंनी दार उघडलं, ओळखलं, आणि काही न बोलता आत जाऊन पाणी आणलं. काका बाल्कनीत कुंड्यांतलं गवत काढत होते. मी वही पुढे ठेवली, सापडलेली पुस्तकं ठेवली, आणि ठरवून गेलो होतो तसं बोलायला लागलो. अर्ध्यात शब्द संपले. काकांनी चष्मा लावला, पुस्तकांवरची एकेक रक्कम बोट ठेवून वाचली, वहीशी ताडून पाहिली. पाऊण तास. मग म्हणाले, "सचिव, फुलांच्या खर्चात १५० रुपयांची बेरीज माझी चुकली आहे. ती दुरुस्त करायला हवी."

मी म्हणालो, काका, आम्ही तुमच्याशी फार वाईट वागलो. ते म्हणाले, "तुम्ही वाईट वागलात ते चाळीस मिनिटं. त्यानंतरचे सहा महिने मला जास्त जड गेले. सकाळी फिरायला जाणं बंद केलं मी. सगळे भेटतात ना त्या रस्त्यावर."

माफी नको म्हणाले. एकच मागणं केलं. डिसेंबरच्या इतिवृत्तात 'सर्वानुमते' लिहिलंय. त्याच्या खाली, त्याच पानावर, वही तेव्हा उघडली नव्हती एवढं लिहा.

येत्या रविवारी सकाळी दहाला सर्वसाधारण सभा बोलावली आहे. विषयपत्रिका हातानं लिहून सूचनाफलकावर लावली. पहिला विषय ते एक वाक्य, दुसरा लेखापाल काकांनी सांगितलेल्या तीन गोष्टी. काका येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. निघताना काकू जिन्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "यांचे गुडघे दुखतात हल्ली. सभा वरच्या हॉलमध्ये नका ठेवू."

तळमजल्यावरची खोली उघडून झाडून घेतली आहे.